एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ : एका सेवाव्रतीचे स्मरण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात लोणावळा येथे केलेले भाषण)



आज आपण मर्हूम एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ साहेबांचे स्मरण करणार आहोत. भारतीय हवाई दलाचे ते पहिले मुस्लिम प्रमुख. पुढे १९८२ ते १९८५ या काळात ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तुमच्यातील वडीलधाऱ्यांना ती वर्षे आठवत असतील. मुलांनी मात्र हे नाव क्वचितच ऐकले असेल. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

लतीफ साहेबांचा जन्म ९ जून १९२३ रोजी हैदराबाद येथे झाला. निझाम कॉलेजात शिकत असताना, वयाच्या अठराव्या वर्षी ते हवाई दलात दाखल झाले. दुसरे महायुद्ध सुरू होते. त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले आणि तेथे त्यांनी हरिकेन व स्पिटफायर ही त्या काळची लढाऊ विमाने चालवली. परत आल्यावर ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले.

१९४७ साली फाळणी झाली. सैन्याचीही वाटणी झाली. कोणत्या देशाच्या दलात राहायचे, हे ठरवण्याची वेळ मुस्लिम अधिकाऱ्यांवर आली. असगर खान आणि नूर खान हे लतीफ साहेबांचे सहकारी. दोघेही पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ साहेबांना आपल्याबरोबर येण्याचा आग्रह केला. लक्षात घ्या, त्या वेळी हैदराबाद संस्थान भारतात विलीनही झालेले नव्हते. ते सप्टेंबर १९४८ मध्ये झाले. तरीही चोवीस वर्षांच्या या तरुणाने भारतातच राहण्याचा निर्णय घेतला. मैत्री आपल्या जागी आणि देश आपल्या जागी, हे त्यांनी ओळखले होते.

बंधूंनो, निर्णय एका दिवसात होतो. तो निभावायला मात्र सारे आयुष्य लागते. २६ जानेवारी १९५० रोजी पहिल्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या आकाशात हवाई दलाच्या विमानांनी सलामी दिली, तेव्हा त्यांचे नेतृत्व लतीफ साहेबांकडे होते. १९७१ च्या युद्धाच्या वेळी मुख्यालयात योजना विभागाची जबाबदारी त्यांच्यावर होती. १ सप्टेंबर १९७८ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले. जग्वार विमाने आपल्या दलात आली ती त्यांच्याच कारकिर्दीत, १९७९ साली. १९८१ मध्ये निवृत्तीच्या तोंडावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिग-२५ या अतिवेगवान विमानातून उड्डाण केले. ज्या माणसाने दोन पंखी जुन्या विमानांपासून सुरुवात केली, तो चाळीस वर्षे प्रत्येक नवे यंत्र नव्याने शिकत राहिला. विद्यार्थी मित्रांनो, एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडून घेतलीत तरी पुष्कळ झाले.

राज्यपालपदानंतर ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. त्यांच्या पत्नी बिल्किस लतीफ यांनी लेखन केले, धारावीतील स्त्रियांसाठी काम केले. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ३० एप्रिल २०१८ रोजी हैदराबाद येथे लतीफ साहेबांचे निधन झाले.

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य फार ऐकू येते, “आपल्याला कोण घेणार?” आणि हे वाक्य ऐकत ऐकत दहावी झालेला मुलगा गॅरेजवर, दुकानात किंवा बंगल्याच्या कामावर जातो. कष्टाचे कोणतेही काम हलके नाही. पण दार ठोठावण्याआधीच ते बंद आहे असे मुलाला सांगणे, हा त्याच्यावर अन्याय आहे.

लतीफ साहेबांचे घर सुशिक्षित होते, त्यांना चांगले कॉलेज मिळाले, हे खरे. प्रत्येक घरात ते नसते. घरात जे नाही ते संस्थेने पुरवायचे, म्हणून तर आपण वर्गणी काढून ही शाळा चालवतो. एका मोठ्या माणसाचे नाव घेतल्याने सगळ्यांच्या अडचणी दूर होत नाहीत. मात्र वाट आहे, एवढे त्यावरून कळते.

ती वाट दूरही नाही. आपल्या लोणावळ्यातच आय.एन.एस. शिवाजी आहे, १९४५ पासून तेथे नौदलाचे तंत्रज्ञ घडतात. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते. हवाई दल व नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. तेव्हा ‘गणित सोड, अवघड आहे’ असे मुलाला सांगण्यापूर्वी विचार करा. या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. २०२२ पासून प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला आहे. मुलींच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सगळेच सैन्यात जातील असे नाही. कोणी शिक्षक होईल, कोणी तलाठी, कोणी परिचारिका. सेवा कोणतीही असो, ती निष्ठेने आणि शिकत राहून करावी. लतीफ साहेबांनी आपली निष्ठा भाषणातून सांगितली नाही, कामातून दाखवली. आपल्या मुलामुलींना तशी संधी मिळावी, तेवढे बळ अल्लाह त्यांना देवो, हीच दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद.