पहिला हंडा ओतून देऊ नका
(वस्तीतल्या महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



नळाला पाणी आलं की आपण पहिला हंडा ओतून देतो. तो गढूळ असतो, कधी त्याला गटाराचा वास येतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की ही तक्रार करायची गोष्ट आहे, हेच आपण विसरलोय.

इचलकरंजी आपल्याला यंत्रमागांचं गाव म्हणून माहीत आहे. २०१२ साली तिथे काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. ही 'ई' प्रकारची कावीळ. मैला मिसळलेल्या पाण्यातून ती पसरते. आणि पंचगंगेत तर वरच्या गावांचं, शहरांचं सांडपाणी येतं.

ही कावीळ सगळ्यांना सारखी वागवत नाही. एरवी शंभरातला एखादा रोगी जातो. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ती झाली, तर शंभरातल्या २० ते २५ जणींपर्यंत जीव जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मी म्हणते, पाण्याचा प्रश्न हा बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

घाण येते कुठून? आपल्याकडे पाणी तास-दोन तास सुटतं. उरलेला वेळ नळ रिकामे. जुने, गंजलेले नळ गटारातून गेलेले असतात. आतला दाब गेला की बाहेरची घाण भेगांतून आत शिरते. त्यात कोणी नळाला मोटर लावली की ती आणखी ओढली जाते. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून चांगलं निघालेलं पाणीही आपल्या दारात खराब होऊन येऊ शकतं.

अशा वेळी आपल्याला सांगतात, "पाणी उकळून प्या." उकळायलाच हवं, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. पण गॅस कोणाचा? पहाटे उठायचं कोणी? आणि एवढं करून पोर आजारी पडलं, तर बोल आईलाच! फुटलेला नळ मात्र तसाच.

काविळीची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. डोळे पिवळे दिसतात तेव्हा घाण पाणी पिऊन महिना उलटलेला असतो. म्हणून साथीची वाट बघून चालणार नाही.

आपण काय करायचं? शेवटच्या घरातल्या नळाच्या पाण्यातसुद्धा लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. ते तपासायला औषधाचे दोन थेंब आणि दोन मिनिटं पुरतात. पाणी पिवळं झालं नाही तर क्लोरीन नाही. ही तपासणी आपल्या गल्लीत, आपल्यासमोर करा, अशी मागणी करू. जंतूंच्या तपासणीसाठी नमुनाही आपल्यादेखत घ्यायला लावू. आजवरचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागू. २००५ पासून तो हक्क आपल्याला आहे.

तर उद्यापासून पहिला हंडा ओतून देऊ नका. त्यातलं पाणी काचेच्या बाटलीत भरा, वर तारीख आणि गल्लीचं नाव लिहा. सोमवारी त्या सगळ्या बाटल्या घेऊन आपण पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या टेबलावर मांडू. पाणी कसं आहे, ते मग तोंडानं सांगावं लागणार नाही.