खुर्चीवरून उठता आलं पाहिजे

मी मूळचा बाभुळगावचा, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. आजचा भाग अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर आहे, आणि सोबत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माणसावरही. दोघांनाही खुर्ची सोडता येत होती, म्हणून ते एकत्र घेतले.

वॉशिंग्टन म्हणजे युद्ध जिंकलेले सेनापती. त्यांचा सैन्यात केवढा दरारा! तरी डिसेंबर १७८३ मध्ये त्यांनी सेनापतिपद तिथल्या काँग्रेसकडे परत केलं आणि शेतावर गेले. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, दोन मुदती पूर्ण केल्या आणि १७९७ मध्ये पुन्हा घरी. तिसऱ्यांदा उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. पण त्यांच्या वागण्याचा पायंडा पडला. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो मोडला, पुढे चौथ्यांदाही निवडून आले. मग १९५१ मध्ये दोन वेळांची मर्यादा थेट घटनेतच घातली गेली. याच वॉशिंग्टन यांच्या शेतावर गुलाम राबत होते, हेही विसरू नका. त्यांचा देव नाही करायचा, ही एक सवय तेवढी उचलायची.

आता आपल्याकडे या. माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी. १८८० मध्ये वणीला जन्म, टिळकांचे अनुयायी, यवतमाळला वकिली. जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे कार्यवाहक अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्यावरून पक्षाशी मतभेद झाले, तेव्हा मालवीयजींबरोबर त्यांनी वेगळा काँग्रेस नॅशनालिस्ट पक्ष काढला.

१९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. केवढी मोठी जागा! पण फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास सुरू झाला, सरकार त्यांना सोडेना. तेव्हा अण्यांनी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. म्हणजे पदांचा त्यांना कंटाळा होता असं नाही. पुढे सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी झाले, १९४८ पासून बिहारचे राज्यपाल झाले. पद घेताना हात मागे घेतला नाही, सोडायची वेळ आली तेव्हा धरूनही बसले नाहीत.

एक फरक आहे. वॉशिंग्टन काम झालं म्हणून उठले, अणे पटलं नाही म्हणून. पण दोघांकडे खुर्चीशिवाय जगायला काहीतरी होतं. एकाकडे शेती, दुसऱ्याकडे वकिली आणि संस्कृत. टिळकांवर त्यांनी संस्कृतात महाकाव्यच लिहिलं.

कंपनीत आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो: हा माणूस उद्या आला नाही तर सिस्टीम कोण चालवणार? गावात हा प्रश्न कोणी विचारत नाही. मंडळ असो की सोसायटी, चावी एकाकडे, पासबुकही त्याच्याकडेच.

गावातल्या आमच्या छोट्या अभ्यासिकेचा हिशोब पाच वर्षं माझ्याकडे आहे. मार्चमध्ये मुदत संपते. पोरं म्हणतात, "दादा, तुम्हीच राहा न." त्यांची भीती खरी आहे. देणगी देणारे बरेचसे माझे ऑफिसातले मित्र. मी बाजूला झालो आणि पैसे आटले, तर खोलीचं भाडं थकेल, आणि भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी बसणार कुठं?

तरी मी राहणार नाही. बँकेतली सही बदलायचा अर्ज तयार आहे. देणगीदारांची यादी आणि पाच वर्षांची वही नव्या दोघींच्या हाती देतोय. दोघीही गावातच राहतात, रोज तिथं अभ्यासाला बसतात. माझे दरमहाचे पैसे येत राहतील, पण खर्च कुठं करायचा ते त्या ठरवतील. जून महिन्याचं भाडं माझ्या फोनशिवाय भरलं गेलं, तर मी समजेन की पाच वर्षांत काहीतरी उभं राहिलं.

तुमच्या गावात अशी चावी कोणाकडे आहे, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.