ही आई जेवते कधी?

मी भिवंडी तालुक्यातल्या दापोडे गावातून बोलतेय. मागे कंटेनरचा हॉर्न ऐकू आला तर दचकू नका. आमच्या गावाला आता गोदामांचं गाव म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा घरासमोर भाताची खाचरं होती. पावसाळ्यात आवणीला सगळं गाव चिखलात असायचं. आज त्याच खाचरांवर पत्र्याच्या शेड आहेत आणि आत साऱ्या देशाचा माल भरलेला आहे.

आज मला माझ्या आवडत्या लेखकाबद्दल बोलायचंय, साने गुरुजींबद्दल. लहानपणी पुस्तकात वाचलं होतं की गुरुजींचं पालगड गाव दापोलीजवळ आहे. पुढे मला दापोड्याचं स्थळ आलं, तेव्हा वाटलं, चला, श्यामच्या गावाशेजारीच चाललो! इथे आल्यावर कळलं की दापोली राहिली लांब रत्नागिरी जिल्ह्यात आणि दापोडं इथे ठाण्याच्या खाडीजवळ. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला.

‘श्यामची आई’ मला चौथीत बक्षीस मिळालं. वर्तमानपत्राचं कव्हर घालून मी ते गादीखाली ठेवायची. आंघोळ करून आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, आणि मग म्हणते की पाय जपतोस तसं मनही जप, तो प्रसंग तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. तो वाचला आणि मी आमच्या अंगणात पाय धुऊन किती तरी वेळ दगडावरच उभी राहिले होते. आय ओरडली, “तिथंच रातभर उभी रव्हनार काय?” तिच्या हातात भाताचं सूप होतं. ती पदर कुठून पसरणार?

सातवीनंतर माझी शाळा सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणी तरी हवं होतं. लग्नात पेटी भरली तेव्हा साड्यांच्या खाली मी ते पुस्तक ठेवलं.

गुरुजींची थोडी माहिती सांगते. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म २४ डिसेंबर १८९९. घराणं खोताचं, पण वडिलांच्या काळात परिस्थिती ढासळली. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या. पुढे गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहात ते मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. आईने जे आपल्यासाठी केलं, ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलं. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत गेले आणि गुरुजी ते लिहून घेत गेले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत पोचली. ‘श्यामची आई’सुद्धा तुरुंगातच लिहिलं, नाशिकला, १९३३ साली, अवघ्या पाच दिवसांत. १९३५ मध्ये ते छापलं गेलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

आता माझ्या सासूबाईंची गोष्ट. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण गळा असा की लग्नात धवले गायला त्यांना चार गावांतून बोलावणं यायचं. सुरुवातीला मी वाचताना दिसले की त्या म्हणायच्या, “कवरा वाचशील गो?” एकदा रात्री वीज गेली. भिवंडीत वीज जायची म्हणजे जायचीच. कंदील लावून मी त्यांना मथुरीची रात्र वाचून दाखवली. ही मथुरी श्यामच्या घरी भात कांडायला येते. ती तापाने आजारी पडते तेव्हा श्यामची आई तिची आठवण ठेवते, विचारपूस करते. सासूबाई उठून बसल्या. त्यांनी जन्मभर लोकांचं भात कांडलं होतं. पुस्तकात आपल्यासारखी बाई असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की हाक यायची, “वाच गो बाय, पुरं काय झालं?” पुरं म्हणजे पुढे.

त्या पुस्तकात एकंदर बेचाळीस रात्री आहेत. श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. आम्ही सासू-सुनांनी त्या सगळ्या रात्री तशाच, रात्रीच्याच, वाचल्या. अळणी भाजीची रात्र आली. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, मुलांनाही बोलू देत नाहीत. आई सगळ्यांच्या मागून जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. सासूबाई हळूच म्हणाल्या, “आमचे घरान ताट भिंतीवर गेला असता.” मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. सासरी आल्यापासून त्या पहिल्यांदा माझ्याशी स्वतःबद्दल काही बोलल्या होत्या.

लहानपणी मी त्या पुस्तकातले कर्जाचे प्रसंग भराभर उलटायची. कंटाळा यायचा. मोठेपणी त्यांनीच मला पकडलं. आमची जमीन गोदामाला गेली. पैसा आला, घर झालं, गाडी झाली, नणंदेचं लग्न दणक्यात झालं. आणि पैसा संपल्यावर कर्ज झालं. कर्ज किती आणि कुणाचं, मला माहीत नव्हतं. कागदावर माझीही सही होती, पण कागद मी वाचला नव्हता. ज्या मुलीला पुस्तकाचं इतकं वेड, तिने सहीचा कागद वाचला नाही! एके दिवशी वसुलीचा माणूस दारात येऊन मोठ्याने बोलू लागला. नवरा घरी नव्हता. शेजारणी खिडकीत आल्या. मला श्यामची आई आठवली. तिच्याही दारात सावकाराचा माणूस येतो आणि नाही नाही ते बोलतो. कर्ज काढताना तिला कुणी विचारलेलं नसतं. अपमान मात्र तिच्या पदरात पडतो.

ते कर्ज फेडायला आम्हाला चार वर्षं लागली. त्यानंतर आम्ही दहा-बारा जणींनी बचत गट सुरू केला. पहिल्याच बैठकीत मी कर्जाची ती रात्र वाचून दाखवली. आणि आम्ही ठराव केला: कागद मोठ्याने वाचल्याशिवाय सही नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवायचं. व्याज किती, हप्ते किती, हप्ता चुकला तर काय, हे तिन्ही विचारायचं. विचारताना लाज वाटली तरी विचारायचं. आजही आमच्या बैठकीत असंच चालतं.

आता थोडं अवघड बोलते. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना मी तिला हे पुस्तक वाचून दाखवत होते. माझा गळा दाटून आलेला. आणि ती मधेच म्हणाली, “आई, पण ही आई जेवते कधी?”

मला राग आला. माझ्या देवाला कुणी बोट लावल्यासारखं वाटलं. पण त्या रात्री झोप लागली नाही. खरंच, ती सगळ्यांना वाढते, सगळ्यांचं करते, अंगात ताप असला तरी कामाला उठते. आणि तरुण वयात जाते. शेवटच्या वेळी तिचा लाडका श्यामही तिच्याजवळ नसतो. मी इतकी वर्षं तिच्यासारखं व्हायला बघत होते. मीही सगळ्यांच्या शेवटी जेवत होते, उरलंसुरलं. रक्त तपासलं तर कमी निघालं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या डब्यात तशाच पडल्या होत्या.

मग मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पहिल्याच रात्री वटसावित्री आहे. आईला ताप आहे, वडाला प्रदक्षिणा घालायची ताकद नाही. ती श्यामला सांगते, माझ्याऐवजी तू जा. पोराला लाज वाटते, बायकांमध्ये कसा जाऊ, लोक हसतील. आई म्हणते, चांगल्या कामाची लाज कसली. आणि तो जातो. मैत्रिणींनो, इतक्या वेळा वाचून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याला होत नाही तेव्हा ती पोराला हाक मारते. बाईचं काम पोराकडून करून घेते, आणि पोरगा ते जन्मभर विसरत नाही. हे सगळं पुस्तक म्हणजे एका मुलाने आपल्या आईचे कष्ट बघितले, त्याची गोष्ट आहे. आपल्या घरात ते कष्ट कोण बघतं? म्हणून मी आता म्हणते, हे पुस्तक मुलींआधी मुलग्यांना वाचून दाखवा. आणि वाचताना माझ्या लेकीचा प्रश्न त्यांना विचारा.

मी त्या दिवसापासून सगळ्यांबरोबर जेवायला बसते. आधी सासूबाईंना चमत्कारिक वाटलं. मग त्याही बसल्या. मुलगा पाणी घ्यायला उठतो.

गुरुजींनी बायकांचं ऐकलं होतं, हे मला फार मोठं वाटतं. खेड्यापाड्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या आणि ‘स्त्री जीवन’ या नावाने छापल्या. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग आमचे धवले कोन लिवनार?” त्या गेल्या. त्यांचे थोडेच धवले मी वहीत उतरवू शकले, बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. याची हळहळ मला अजून आहे. तुमच्या घरात अशी म्हातारी असेल तर उद्याच वही घ्या.

आणि एक. श्यामची आई त्याला सांगते की जातीने दूर ठेवलेल्या त्या म्हातारीची मोळी उचलून दे. तोच मुलगा मोठा होऊन, पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून १ मे १९४७ पासून उपोषणाला बसला. दहा दिवसांनी विठोबाचं दार उघडलं. घरात शिकवलेली गोष्ट कुठवर जाते बघा.

गोदामांत काम करायला आमच्या गावात उत्तर प्रदेश, बिहारची कुटुंबं आलीत. त्यांची पोरं दिवसभर ट्रकांच्या मधून फिरायची. गेली दोन वर्षं दर रविवारी आम्ही गटातल्या बायका त्यांना आणि आमच्या नातवंडांना एकत्र बसवून एकेक रात्र वाचतो. मराठीत वाचते मी, हिंदीत समजावते त्यांच्यातलीच एक आई. गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं होतं, एकमेकांच्या भाषा शिकायचं. ते आमच्या समाजमंदिराच्या ओट्यावर थोडंसं होतंय. परवा अळणी भाजी वाचली, तर तिकडचा एक चिमुरडा म्हणाला, “मेरी अम्मा भी बाद में खाती है.” मी म्हटलं, मग आज तू काय करशील? तो म्हणाला, “साथ में बैठाऊँगा.”

माझ्या पुस्तकाची पानं आता पिवळी झालीत, शिवण दोनदा घातलीय. ते मी लेकीला देणार आहे. ती आता स्वतः आई आहे.

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे सगळ्यांनी एकत्र जेवून झाल्यावर, टीव्ही अर्धा तास बंद करा. एक रात्र वाचा. वाचता येत नसेल तर मुलाला वाचायला लावा आणि तुम्ही ऐका.