मैदानावरच्या वस्तादाची तालीम
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मराठीत ‘तालीम’ म्हटले की तांबडी माती आणि जोर-बैठका डोळ्यांपुढे येतात. उर्दूत त्याच शब्दाचा अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ हासुद्धा ‘उस्ताद’च. खेळ शिकवणारा आणि अक्षर शिकवणारा यांना भाषेने एका बाकावर बसवले; आपण मात्र बसवले नाही. वर्गातल्या शिक्षकाला आपण बी.एड्. विचारतो, पुढे सेवांतर्गत प्रशिक्षणाला पाठवतो. असरनंतर मोहल्ल्याच्या मैदानावर चाळीस मुले घेऊन उभा राहणारा तरुण कुणी रिक्षावाला असतो, कुणी किराणा दुकानदार. त्याच्या हाती आपण एक शिट्टी देतो आणि वर्षाअखेर शाल-नारळ.

हे बोलण्याचा मला अधिकार आहे तो माझ्या चुकीमुळे. आमचे वस्ताद खेळताना पाणी पिऊ देत नसत. पोटात गोळा येतो म्हणत. मीही माझ्या मुलांना तेच सांगत आलो. एका मे महिन्यात कबड्डीच्या सरावात बारा वर्षांचा एक मुलगा असंबद्ध बोलू लागला आणि कोसळला. मुलाला न्यायला आलेल्या एका पालकाने त्याला सावलीत ओढले, अंगावर बादल्या ओतल्या, दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. मी शिट्टी हातात धरून उभाच होतो. वस्तादांना दोष देत नाही, त्यांना तेच सांगितले गेले होते. पण इतक्या वर्षांत मी एकदाही कुणा डॉक्टरला साधा प्रश्न विचारला नव्हता.

एकदा शिकलेले शिळे होते, याचे आपल्या मुलींच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घ्या. 2011 साली इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोक्यावरच्या वस्त्रामुळे ऑलिम्पिक पात्रता सामना खेळू दिला नाही. 2014 साली फुटबॉलच्या नियमांत त्या वस्त्राला मान्यता मिळाली. बास्केटबॉलमध्ये 2017 साली. ज्या प्रशिक्षकाचे ज्ञान 2011 सालीच थांबले, तो आजही एखाद्या मुलीला ‘बेटी, नियमात बसत नाही’ म्हणून घरी पाठवील, आणि अगदी प्रामाणिकपणे पाठवील. मुलगी परत येणार नाही.

शिकवून काय फरक पडतो, असे खजिनदार विचारतील. अमेरिकेत सिॲटलच्या स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी जेमतेम अडीच तासांचा वर्ग घेतला. चुकलेल्या मुलावर ओरडायचे नाही, नीट कसे करायचे ते सांगायचे. प्रयत्नाला शाबासकी द्यायची. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, वर्ग न केलेल्या प्रशिक्षकांकडची शंभरात 26 मुले पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली; वर्ग केलेल्यांकडची पाच. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या फुटबॉलपटू मुलींना वीस मिनिटांचे अंग मोकळे करण्याचे ठरावीक व्यायाम शिकवले, तेव्हा दुखापती सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटल्या. ते 2008 साली छापून आले. यात यंत्र नाही, इमारत नाही.

आपल्याकडे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून आहे, तिचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रमही आहे. पण सहा आठवडे रिक्षा उभी ठेवून कोण जाईल? आणि जाऊन आला तरी, बेशुद्ध मुलाच्या छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब कसे द्यायचे, हे हाताला काही महिन्यांतच विसरायला होते. प्रमाणपत्र भिंतीवर राहते, हात विसरतो.

म्हणून माझे म्हणणे लहान आहे. महिन्यातून एका रविवारी सगळ्या वस्त्यांतील प्रशिक्षकांनी एकत्र बसावे. कधी डॉक्टर, कधी पंच, कधी वकील बोलवावा. 2012 च्या पोक्सो कायद्याने मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलाला सराव द्यायचा की इफ्तारीपर्यंत नुसते डावपेच समजावायचे, हेही तिथेच बोलावे. (माझे मत विचाराल तर धावायला मुळीच लावू नये.)

खरे शिक्षण मात्र मैदानावर होईल. एका प्रशिक्षकाने दुसऱ्याच्या सरावाला वही आणि घड्याळ घेऊन अर्धा तास बसावे. बोलू नये, मोजावे: एक मुलगा किती मिनिटे रांगेत नुसता उभा होता, चेंडू कुणाकडे एकदाही आला नाही, किती वेळा नाव घेऊन ओरडले गेले. माझ्या सरावात एका सहकाऱ्याने असे मोजले, तेव्हा एका मुलीला अर्ध्या तासात चेंडू दोनदा मिळाला होता. मी तिला आळशी म्हणत असे.

अशी वही दाखवताना मन दुखावते. म्हणून ती त्या दोघांतच राहावी. कार्यकारिणीने मागू नये.

खर्चाचे म्हणाल तर यंदा करंडक थोडे लहान घ्यावेत. वाचलेल्या पैशांतून रविवारी येणाऱ्या रिक्षावाल्याचा त्या सकाळचा बुडालेला धंदा भरून द्यावा, आणि प्रत्येक मैदानावर पाण्याचे एक पिंप ठेवावे.