चिकन कापणाऱ्या हातावरची चामखीळ

इअरफोन लावलेत ना? आजची गोष्ट आमच्या घरातली आहे.

माझा दादा इथे जिवतीत चिकनचं दुकान चालवतो. दोन वर्षांमागे त्याच्या बोटांवर चामखिळी आल्या. आधी एक, मग सात. एकदा नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, हाताले हे काय झालं? राहू दे, मंग घेतो." ते पुन्हा आलंच नाही. त्याच रात्री दादानं बिब्बा लावला. सकाळी बोट भाजल्यासारखं सुजलेलं. चार दिवस शटर खाली.

शेवटी आम्ही चंद्रपूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "काम काय करता?"

का विचारलं, ते ऐका. चामखीळ होते एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. त्याचे 200 च्या वर प्रकार आहेत. त्यातला 7 नंबरचा प्रकार एरवी क्वचित दिसतो, पण मटण, चिकन, मासळी कापणाऱ्यांच्या हातावर बरेचदा सापडतो. इंग्रजीत त्याला 'बुचर्स वॉर्ट' असंच नाव पडलंय.

गंमत म्हणजे हा विषाणू कोंबडीचा नाही, माणसाचाच आहे. हात दिवसभर ओले, गार. कातडी भिजून मऊ पडते, सुरीचे आणि हाडांचे ओरखडे बसतात, तिथून विषाणू आत शिरतो. त्यात टॉवेल एक आणि पुसणारे हात चार!

म्हणजे चिकन खाऊन चामखीळ होत नाही. आणि एचपीव्ही गूगल करून घाबरू नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचे मुख्य प्रकार 16 आणि 18, ते वेगळे.

उपाय? सॅलिसिलिक ॲसिडचं औषध, तेही नेमानं काही आठवडे, नाहीतर लिक्विड नायट्रोजननं गोठवणं. काही चामखिळी आपोआपही जातात. पण बिब्बा, चुना, ब्लेड नको. कुरतडलं तर आणखी पसरते.

2011 च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, त्यात त्वचाही बघतात. पण रोजीवर काम करणारा पोरगा हात लपवतो, कारण काम जाईल ही भीती असते.

दादाच्या पाच गेल्या, दोन आहेत. त्यावर वॉटरप्रूफ पट्टी, वरून हातमोजे, टॉवेल ज्याचा त्याचा. ते गिऱ्हाईक मात्र अजून आलेलं नाही.

तुमच्या ओळखीच्या दुकानदाराच्या हातावर असं काही दिसलं, तर तोंड फिरवू नका. हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!