नामावली आणि कारभार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त गरीब व मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह-निधी उभारण्याचा संकल्प आपल्या मंडळाने सोडला आहे. त्या निधीचे विश्वस्त व सल्लागार कोण असावेत, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांला झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म घालविलेल्या माणसाला समित्यांविषयी विचारणे म्हणजे आचाऱ्याला फोडणीविषयी विचारणे होय. तथापि कार्यालयातील समित्या आज बाजूस ठेवून शंभर वर्षांपूर्वीच्या एका संस्थेची नामावली आपणांपुढे वाचावी, असे आम्ही योजिले आहे.

९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक बैठक बोलाविली आणि तिचे फलित म्हणून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १८६० च्या एकविसाव्या कायद्यान्वये ती नोंदविण्यात आली. कार्यक्षेत्र मुंबई इलाख्यापुरते. अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड, नामांकित कायदेपंडित व त्या वेळचे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. उपाध्यक्ष सहा: मेयर निस्सीम, रुस्तुमजी जिनवाला, जी. के. नरिमन, रँग्लर र. पु. परांजपे, डॉ. वि. पां. चव्हाण आणि बाळ गंगाधर खेर. यांतील परांजपे नुकतेच इलाख्याच्या शिक्षणमंत्रिपदावरून उतरले होते. खेर पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. हिंदू, पारशी, ज्यू अशा निरनिराळ्या समाजांतील ही मंडळी. नामावली येथेच संपली असती, तर ती त्या काळच्या कोणत्याही परोपकारी संस्थेची म्हणून खपली असती.

परंतु तिच्याखाली आणखी तीन नावे आहेत. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, चिटणीस सी. ना. शिवतरकर, कोषाध्यक्ष नि. तु. जाधव. बैठका बोलाविणे, पत्रव्यवहार सांभाळणे आणि पैशांचा हिशेब ठेवणे ही तिन्ही कामे ज्यांच्यासाठी सभा काढली त्यांच्याच हाती होती. डॉ. आंबेडकरांचे वय तेव्हा अवघे तेहतीस. शिवतरकर चर्मकार समाजातील. म्हणजे एकाच जातीची चूल मांडावयाची नाही, हेही पहिल्या दिवशीच ठरलेले दिसते.

या मांडणीचे नावीन्य कळण्यासाठी अठरा वर्षे मागे जावे लागेल. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईतच डिप्रेस्ड क्लासेस मिशन निघाले. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, चिटणीस महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. शिंदे यांनी त्या कार्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणारा मनुष्य आम्हांला तरी कृतघ्न वाटेल. पण अध्यक्ष व चिटणीस दोघेही स्पृश्य समाजातील होते. १९२४ साली साहाय्य करणारे वरच्या ओळीतच राहिले आणि दप्तर मात्र खालच्या ओळीत आले.

तर मग वरच्या ओळीचा उपयोग काय? भरपूर होता. अर्जावर कुलगुरूंचे नाव असले की तो कोणत्या फायलीत जातो आणि नसले की कोणत्या, हे आम्हां सरकारी नोकरांनी कोणाला शिकवावयाचे! सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले, आणि हॉकीचा संघसुद्धा! हॉकीची काठी ही कळवळ्याच्या यादीत सहसा येत नाही. मुलांना भात-आमटीखेरीज आणखी काय हवे असते, हे ज्यांना ठाऊक होते असे कोणी तरी त्या व्यवस्थापक मंडळात बसत असले पाहिजे, असे आमचे अनुमान आहे.

खरी कसोटी १९२८ साली लागली. सायमन आयोगावर नेमस्त पक्षाने बहिष्कार घातला होता आणि सेटलवाड तर त्या पक्षाचे अग्रणी. तरीही २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने आयोगाला निवेदने गेली, एक संरक्षक तरतुदींविषयी व दुसरे इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी. ती सादर केली डॉ. आंबेडकरांनी. आयोगापुढे जाणे योग्य की अयोग्य, हा वाद येथे उकरून काढावयाचा नाही. थोरामोठ्यांची नावे माथ्यावर घेऊनही आपले गाऱ्हाणे आपल्या तोंडाने मांडण्याची मुभा त्या संस्थेने राखली होती, एवढेच आम्हांला दिसते. त्याच वर्षी सभा आवरती घेण्यात आली व शिक्षणकार्यासाठी नवे मंडळ स्थापन झाले.

आता आपल्या घरात येऊ. निधीसाठी जी कच्ची यादी फिरत आहे, तीत अकरा नावे आहेत. निवृत्त अभियंते, डॉक्टर, बँकेतील अधिकारी, प्राध्यापक; सारी सज्जन मंडळी, आणि त्यांत आमचेही नाव कोणी तरी घातले आहे. ज्या वस्त्यांतून मुले यावयाची, तेथील एकही नाव नाही. कोणी म्हणतील, त्यांना नियम समजणार नाहीत. नियम आम्हांलाही जन्मतः समजत नव्हते. १८६० च्या त्याच कायद्याच्या चौथ्या कलमान्वये कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे धाडावी लागते व तीत नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावा लागतो. आपली यादी त्या नमुन्यात भरून पाहावी. पत्त्याच्या रकान्यात चारच वसाहती येतात, आणि त्या चारही वसाहतींतील मुलांना वसतिगृहाची गरज नाही.

म्हणून आमची सूचना अशी. अकरांपैकी सहा जागा पालकांकडे व वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींकडे असाव्यात. तशी मुले तयार होईपर्यंत त्या सहाही जागांवर पालक बसतील. चिटणीस आणि कोषाध्यक्ष त्या सहांतूनच निवडावेत. धनादेशावर त्या दोघांच्या सह्या असाव्यात. आमच्यासारख्यांची सही हिशेबतपासणीपुरती पुरे. बैठक रविवारी सकाळी दहाला न भरविता संध्याकाळी भरवावी, कारण वस्तीतील पुष्कळांना रविवारची सकाळ मोकळी नसते. सल्लागार मंडळ जरूर असावे. त्याला मत नसावे, तीन वर्षांची मुदत असावी.

मसुद्यातील सहावे कलम, विश्वस्तांच्या नावांचे, अद्याप कोरे आहे. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी वस्तीत जाऊन ती सहा नावे विचारून आणावयाची आहेत. त्यासाठी दोन सभासद हवे आहेत. एकाच्या जागी आमचे नाव लिहून घ्यावे. दुसऱ्याने भाषणानंतर कार्यवाहांकडे सांगावे.