कौतिक, एकनाथ आणि आपली वऱ्हाडी

इतक्यात वऱ्हाडातल्या तीन कादंबऱ्या वाचल्या. उद्धव शेळक्यांची ‘धग’ काही डोक्यातून जात नाही. १९६० सालची ही कादंबरी. तिची नायिका कौतिक; तिचा नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण कामाला हात लावील तर शपथ! पुढे त्याला महारोग गाठतो. संसार ओढते कौतिकच. शेळके तिची कीव करत नाहीत, तिला देवीही बनवत नाहीत. ती भांडते, टोचून बोलते, तेही अस्सल वऱ्हाडीत. हे संवाद मोठ्यानं वाचून पाहा; अमरावतीकडच्या कुठल्याही ओसरीवर ऐकू येतील असे आहेत.

परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’ही वऱ्हाडी बोलीतलीच, मला मात्र ती जरा जास्तच गोड वाटली.

बुलडाण्याच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला, पण नोकरी नाही, अन् शेती पुरत नाही. बायको अलकाशी त्याचे सारखे खटके उडतात. वाचणारे बहुधा एकनाथच्या बाजूनं उभे राहतात. मला अलकाचंही म्हणणं पटत गेलं.